घरच्या मुलीचे तास

दुसऱ्याच्या पोरीबद्दल कुणी ‘ती आमची घरचीच आहे हो’ असं म्हणालं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आधी नव्हती जात. आधी मलाही ते गोड वाटायचं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगते. मध्येच आवाज चढला तर चढू दे. सासरी म्हणतात, छायाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. असेना! नाक माझं आहे.

मी मिरजेची. लग्न करून इकडं आले त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा, सुजीत, फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर असतो, सुट्टीला शारजात घरी येतो. मी अल मजाजमधल्या एका क्लिनिकात कॅश आणि इन्शुरन्सच्या काउंटरवर बसते. क्लिनिक डॉक्टर विजयकुमारांचं. ते तपासतात, औषध लिहितात आणि बाकीच्या जगाकडं बघत नाहीत. बाकीचं जग त्यांच्या बायकोकडं, मुग्धा मॅडमकडं. बाई रत्नागिरीच्या, गोऱ्यापान, आवाज असा की खडीसाखर. त्यांना कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही, कारण त्या मागतच अशा की नकार देणाऱ्यालाच आपण लहान झाल्यासारखं वाटावं.

आणि नबिला. ही गोष्ट तिची आहे.

नबिला आमच्या मागच्याच बिल्डिंगमधली. तिचे अब्बा अलीमियाँ बोटींच्या सामानाच्या दुकानात सेल्समन. आई सुरैय्या घरी असते, शिवण करते. मंडळी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची, म्हणजे मुग्धा मॅडमच्या माहेरापासून होडीच्या एका फेरीच्या अंतरावर. इथं परमुलखात तेवढं नातं सख्ख्या बहिणीला भारी पडतं. सुरैय्या नारळाच्या वड्या करून पाठवायची, मॅडम गावाहून आलेले आंबे पाठवायच्या. अलीमियाँना एकदा ऐन ईदच्या दिवशी छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टर जेवणावरून उठून त्यांच्या घरी गेले होते. हे खरं आहे, आणि हे मी नाकारणार नाही. पुढं याच एका उपकाराचं व्याज किती वसूल झालं तेही खरं आहे.

झालं असं की आमची फिलिपिनो रिसेप्शनिस्ट एक दिवस दुबईला चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेली. मॅडमनी सुरैय्याला बोलावलं. माझ्यासमोरच बोलणं झालं. “अगो सुरैय्या, दोन-चार दिवस नबिलाला शाळेतून आली की इकडं पाठवशील? नवी मुलगी मिळेपर्यंत. तिलाही शिकायला मिळेल, डॉक्टर व्हायचंय ना तिला?” आणि मग, वर्तमानपत्र चाळावं तसं सहज, “तसा विद्यार्थ्यांना कामाचा परवाना काढावा लागतो इकडं, सांग हं, कागद करायचा असेल तर करू.”

सुरैय्या लाजलीच. “कागद कशाला, ताई? आपण एका खाडीची माणसं. आपल्यात कागद करायचा म्हणजे... नको नको. पोर तुमचीच आहे.”

झालं! आमच्या माणसांची हीच खोड. बाहेरच्याकडून पावती घेऊ, अरबाकडून शिक्का घेऊ, पण आपल्या गावच्या माणसापुढं कागदाचं नाव काढायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटल्यासारखं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. दार लावता लावता ‘जेवून जा ना’ म्हणणारी माणसं मी मिरजेतही पाहिली आहेत.

दोन-चार दिवसांची दोन वर्षं झाली. नवी मुलगी काही मिळाली नाही. शोधली असती तर मिळाली असती.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एका माणसाच्या मांडीवरचं गळू फोडलं आणि नबिला त्यांच्या मागं उभी होती ती आडवीच झाली. आम्ही तिला पाणी मारून उठवलं. मला वाटलं, चला, हिचं डॉक्टर होणं इथंच खलास. दुसऱ्या दिवशी शाळेची बस थांबली, पोर उतरली, दप्तर माझ्या खुर्चीखाली सारलं आणि विचारलं, “छायाआंटी, आज ड्रेसिंग आहे ना त्यांचं?” आणि ट्रे धरून उभी राहिली. ओठ पांढरेफटक, पण ट्रे हलला नाही. मी त्याच दिवशी सुजीतला फोनवर म्हटलं, ही होणार बघ.

घरी कोकणी आणि उर्दू, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, बसमधल्या पोरांकडून मल्याळम, शेजारच्या सीरियन बाईंकडून अरबी. आमच्याकडं पेशावरचा टॅक्सीवाला यायचा, ढाक्याचा रंगारी यायचा, केरळची आजी यायची. हिच्यासमोर कुणाला खुणा कराव्या लागल्या नाहीत. लहान पोरं इंजेक्शनला रडायला लागली की ही “यल्ला यल्ला, चॅम्पियन!” करून त्यांना उचलून मांडीवर घ्यायची. कितीदा तरी तिच्या शाळेच्या युनिफॉर्मवर पोरांनी ओकलं असेल. पुसायची आणि पुढचं नाव पुकारायची. पेशंट नसला की पेनाचं टोपण चावत माझ्या शेजारी बायोलॉजी वाचायची. टोपणं एवढी चावायची की काउंटरवरचं एक पेन धड राहिलं नव्हतं. मी ओरडायची तिच्यावर, “अगं, पेन आहे की ऊस?”

आणि प्रश्न! डॉक्टरांच्या मागं लागायची. हेच औषध का, दुसरं का नाही, ताप सकाळी उतरतो आणि संध्याकाळी का चढतो. डॉक्टर तेवढ्यापुरते माणसात यायचे आणि समजावून सांगायचे.

यम्ना नावाची एक म्हातारी अरब बाई दर महिन्याला रक्त तपासून घ्यायला यायची. सुईला जाम घाबरायची. आली की काठी आपटून विचारायची, “वेन अल बिन्त?” पोरगी कुठंय? नबिला आली, तिचा हात धरला, तिच्या मांजरांची चौकशी केली, की मग बाई दंड पुढं करायची. नबिला शाळेतून यायची असेल तर तासभर बसून राहायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

ह्या सगळ्याचे पैसे? छे. घरच्या मुलीला कुणी पगार देतं का? ईदला ड्रेस मिळायचा, दीडशे दिरहमचा, म्हणजे आपले साडेतीन हजार, असं मॅडमच सांगायच्या, तेही पेशंटसमोर. शारजात शुक्रवारपासून सुट्टी, तर पोरगी शुक्रवारी दुपारपासून रविवारपर्यंत इथंच. मी एकदा मॅडमना म्हटलं, “बारावी आहे तिची.” तर म्हणाल्या, “अगं, इथं अभ्यासच होतो की तिचा! आमच्या शुभ्राला मी म्हणते, बघ, शीक जरा नबिलाकडून.”

शुभ्रा ही त्यांची लेक. तीही बारावीला, दुबईच्या मोठ्या शाळेत. वाईट नव्हती पोर. क्लिनिकात आली की डॉक्टरांच्या आतल्या खोलीत एसीत बसायची, कानात इअरफोनची बोंडं घालून. आजीचा रत्नागिरीहून फोन आला तर आजी मराठीत आणि ही इंग्रजीत. तिलाही मेडिकललाच जायचं होतं, म्हणजे तिच्या आईला तिला पाठवायचं होतं.

यंदा फॉर्म निघाले. इथल्याच एका मेडिकल कॉलेजात फी माफीच्या मोजक्या जागा होत्या. नबिलाला मार्क उत्तम, पण अलीमियाँच्या पगारात डॉक्टरकीची फी म्हणजे न झेपणारी गोष्ट. म्हणजे फी माफी मिळाली तर डॉक्टर, नाहीतर काही नाही, इतकं सरळ होतं. आणि त्या जागांसाठी अट होती, दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात काम केल्याचे तास दाखवायचे. काय काम केलं, किती तास, कुणाच्या हाताखाली, आणि त्यांचं सही-शिक्क्याचं पत्र.

नबिला त्या दिवशी हसतच आली. “छायाआंटी, हे एक तरी मला सोप्पं आहे!” सुरैय्यानं मुद्दाम खापरोळ्या करून दिल्या होत्या. डबा घेऊन पोरगी मॅडमच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

“अय्या, खापरोळ्या!” मॅडमचा आवाज. मग कागदाची सळसळ, फॉर्म वाचत असणार. मग तीच खडीसाखर. “अगो, पण तुझे कसले तास? तू तर घरची. घरच्या माणसाचे तास कुणी मोजतं का? आणि तुझ्या आईनंच कागद नको म्हटलं होतं, विचार तिला. आता परवाना नसताना तू इथं काम केलंस असं मी लिहून दिलं, तर क्लिनिकला केवढा दंड होईल! सरांना अडचणीत आणणार आहेस का तू?”

“नाही, मॅडम,” नबिला म्हणाली.

“शहाणी गो माझी. तू काहीतरी दुसरं लिही. शाळेतलं वगैरे.”

ती डॉक्टरांकडंही गेली. डॉक्टरांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. “मॅडम बघतात ते सगळं,” म्हणाले. दोन वर्षं जिच्या हातातून ट्रे घेतला तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवाना काढायचं काम कुणाचं? पोरीचं? तिच्या शिवणकाम करणाऱ्या आईचं? दोन वर्षं कायदा आठवला नाही आणि आज एका कागदावर सही करायची म्हटल्यावर कायद्याची आठवण झाली! नबिला माझ्या शेजारी येऊन बसली, टोपण न चावता. मी तिचा फॉर्म ओढून घेतला. इन्शुरन्सच्या क्लेमवर मारायचा क्लिनिकचा शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो. ह्या मुलखात माणूस काय म्हणतो ते कुणी ऐकत नाही, शिक्का बघतात. मी म्हटलं, “पत्र मी टाइप करते. शिक्का मी मारते. बघू कोण काय करतंय.”

तिनं शिक्क्यावर हात ठेवला. “नको, आंटी. चोरून नको. तुमची नोकरी जाईल, आणि... आणि हे माझेच तास आहेत ना? मग मी ते चोरल्यासारखे का घेऊ?”

मी ऐकलं आणि शिक्का परत ड्रॉवरमध्ये टाकला. मीच, बरं का, जिला तोंड मिटायला सांगावं लागतं!

पण खरी कमाल तर पुढंच होती. गुरुवारी मॅडम एक छापील पत्र घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. “छाया, रिसेप्शनची इनचार्ज म्हणून इथं सही कर. सर खाली करतील. आणि शिक्का.” मी वाचायला घेतलं. शुभ्रानं दोन वर्षं ह्या क्लिनिकात काम केलं. पेशंटची नोंद केली, ड्रेसिंगच्या वेळी मदत केली, लहान मुलांना इंजेक्शनच्या वेळी सांभाळलं, वृद्ध अरब पेशंटना धीर दिला, हिंदी, उर्दू, मल्याळम आणि अरबी भाषांत डॉक्टरांसाठी दुभाषाचं काम केलं. आणि खाली तास. शाळा सुटल्यावरचे, शुक्रवारचे, शनिवारचे, रविवारचे, उन्हाळ्याच्या सुट्टीतले, सगळे शिस्तीत बेरीज केलेले. शेवटी परवान्याचा नंबर, आणि सोबत शुभ्राच्या नावाचा विद्यार्थ्यांचा परवानाही होता, तो दोन वर्षांपूर्वीच काढलेला! मोजता येत नाहीत म्हणणारीनं एकूण एक तास मोजले होते. फक्त वर नाव आपल्या पोरीचं घातलं होतं.

“शुभ्रा अरबी बोलते?” मी विचारलं.

“अगं, लिहायचं असतं तसं. सगळे लिहितात.”

खरं आहे, सगळे लिहितात. इथं ओळखीचा डॉक्टर गाठून तास मागून घेणारे आईबाप मी ढिगानं पाहिलेत. ते खोटं असतं, पण कुणाच्या ताटातलं तरी नसतं. हे तर सरळसरळ दुसरीच्या ताटातलं उचललं होतं. “मॅडम, हे नबिलाचे तास आहेत,” मी म्हटलं. “तिला नाही म्हणालात, आणि तेच उचलून इथं घातलेत. मी सही करणार नाही.”

खडीसाखर विरघळली. “छाया, तुझ्या व्हिसाचं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे ना?”

चोर तो चोर, वर शिरजोर! मी पत्र त्यांच्या हातात परत दिलं. सुजीतला फोन केला तर तो म्हणतो, “तू कशाला मधे पडतेस? त्यांचं ते बघून घेतील.” मी म्हटलं, तू तुझं तेल बघ, आणि फोन आपटला. मग उठले आणि सुरैय्याच्या घरी गेले.

घरात सुरैय्या मशीनवर, अलीमियाँ जेवत होते, नबिला कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. मी जे वाचलं ते सगळं सांगितलं. अलीमियाँचा घास हातातच राहिला. सुरैय्या खाली बघत म्हणाली, “छायाबाय, जाऊं दे. डॉक्टरसायब ईदच्या दिवशी ताटावरून उठून आले होते. त्यांच्याशी कसं भांडायचं? लोक काय म्हणतील, खाल्ल्या मिठाला जागले नाहीत. आणि कागद नको, असं मीच म्हणाले होते.”

“तुम्ही म्हणालात, अम्मी.” नबिलानं पुस्तक मिटलं. त्या पोरीचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “तुम्ही म्हणालात. मला कुणी विचारलं? अब्बांच्या छातीत दुखलं, ते एकदा आले. मी दोन वर्षं गेले! माझ्या मैत्रिणी बीचवर जायच्या, मी लोकांच्या ओकाऱ्या पुसायचे. फेडलं ना मी? अजून किती फेडायचं? तास नाही म्हणाले, मी गप्प बसले. पण ते शुभ्राला दिले! माझे हात, माझी अरबी, माझी यम्नाआजी, सगळं तिला दिलं! रविवारी फॉर्म बंद होतो, आणि मी काय लिहू? की मी दोन वर्षं कुठंच नव्हते?”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. “मी उद्यापासून जाणार नाही,” म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. सुरैय्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला होता तो तसाच. मी चहा न घेता निघाले.

शुक्रवारी नबिला आली नाही. मॅडमना वाटलं बरं नसेल. शनिवारीही आली नाही, आणि शनिवार म्हणजे आमच्याकडं जत्रा. सकाळीच खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी. मॅडमनी शेवटी शुभ्राच्या कानातली बोंडं काढून तिला रिसेप्शनला बसवलं. म्हटलं, बरं झालं, तास तरी खरे होऊ देत! रंगारी बंगालीमिश्रित हिंदीत छाती दाखवून सांगतोय, केरळची आजी कार्ड पुढं करतेय, एक पोर कोकलतंय, आणि शुभ्रा रडवेली होऊन वळून विचारतेय, “मम्मा, व्हॉट इज ही सेइंग? मम्मा, प्लीज!” डॉक्टर आतून घंटी वाजवतायत. तेवढ्यात यम्ना आली. काठी आपटली. “वेन अल बिन्त?”

मॅडम पुढं झाल्या, शुभ्राला खांद्याला धरून म्हणाल्या, “धिस इज बिन्त! माय बिन्त!” म्हातारीनं शुभ्राला वरपासून खालपर्यंत पाहिलं, “ला, ला”, म्हणजे नाही नाही, म्हणाली, आणि दंड बुरख्याच्या आत ओढून घेऊन बसली. मी मान खाली घातली, हसू लपवायला.

मॅडमनी माझ्यासमोरच सुरैय्याला फोन लावला. “अगो, कुठंय नबिला? इथं किती गर्दी आहे माहितीय? असं न सांगता राहायचं असतं का? पाठव तिला लगेच.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी सुस्कारा सोडून फोन ठेवला. “येते म्हणाली.”

आली ती सुरैय्या. एकटी. अंगावर घरातलीच ओढणी, बोटाला मशीनचा धागा गुंडाळलेला. ती सरळ रिसेप्शनसमोर उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, “नबिला कुठंय?”

“ताई,” सुरैय्या म्हणाली, “शुभ्राचा कागद झाला काय?”

मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरी कुणी असते तर जळून गेले असते. “आपण आत बोलू, ये.”

“आत नको. आत जे बोलतो ते राहत नाही.” ती जागची हलली नाही. “मी कागद नको म्हणाले होते, ताई. माझी चूक. मला वाटलं, माझी पोर तुमची पोर, तर तिचं काही बुडणार नाही. घरची म्हणालात ना तिला? मग घरच्या पोरीला केलात तसा कागद हिलाही करून द्या. माझ्या पोरीनं इथं काम केलंय. ह्या सगळ्यांना विचारा.”

रंगाऱ्याला मराठी कळत नव्हती, पण नबिलाचं नाव कळलं. तो म्हणाला, “नबिला आपा? बहुत अच्छी लडकी.” केरळच्या आजीनं मान डोलावली. मॅडम हसण्याचा प्रयत्न करत म्हणाल्या, “सुरैय्या, तुला कळत नाही, दंड...” आणि घंटी वाजवून दमलेले डॉक्टर तेवढ्यात बाहेर आले. “काय चाललंय? पेशंट का येत नाहीत आत?”

“पेशंट येत नाहीत, कारण आणणारी घरी बसलीय,” मी म्हटलं. आता राहवेना. “सर, परवाना काढायचं काम तुमचं होतं. शुभ्राचा आठवणीनं काढलात, आणि जी राबली तिचा विसरलात. दंड त्या चुकीचा आहे, नबिलाच्या कामाचा नाही. तिचे तास शुभ्राच्या नावावर घातलेत, ते पत्र तुम्ही सही करताना वाचलं तरी होतं का?”

डॉक्टर मॅडमकडं बघायला लागले. “कुठलं पत्र?” म्हणजे वाचलं नव्हतंच! मॅडम बघतात ते सगळं.

तेव्हा शुभ्रा उठली. तोंड लाल झालेलं. पोरीनं टेबलावरच्या फाइलमधून ते पत्र काढलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटतं, तिनंही ते तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. मग बापापुढं धरलं.

“पप्पा, आय डिडन्ट डू एनी ऑफ धिस. एव्हरीथिंग हिअर इज ट्रू. जस्ट चेंज द नेम.”

“शुभ्रा!” मॅडम ओरडल्या. आवाजात एक कण साखर नव्हती. “आणि तुझा फॉर्म?”

“देन आय विल गो विथ माय मार्क्स, मम्मा. ऑर आय वोन्ट गो.”

डॉक्टरांनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. पेशंट, यम्ना, सुरैय्या, सगळे त्यांच्याकडं बघत होते. मग त्यांनी ते माझ्या काउंटरवर ठेवलं. “नाव बदलून प्रिंट काढा, छायाबाई. दंड आला तर मी भरीन.”

मी नाव बदललं. खरंच तेवढंच करायचं होतं. एक अक्षर दुसरं बदलावं लागलं नाही, सगळं नबिलाबद्दलच लिहिलेलं होतं. परवान्याची ओळ मात्र काढली, खोटं एकही ठेवलं नाही. डॉक्टरांनी सही केली, मी शिक्का मारला, असा मारला की काउंटर हादरला. सुरैय्यानं शाई वाळेपर्यंत पत्र हातात धरून ठेवलं, बोट न लावता.

माझ्या व्हिसाचं काय झालं म्हणाल, तर झालं रिन्यू. क्लेम करणारं दुसरं कोण आहे त्यांच्याकडं! नबिलाचा फॉर्म त्याच दिवशी गेला, आणि परवा तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढचं इन्शाल्ला. क्लिनिकात आता रिसेप्शनला दोन मुली ठेवल्यात, दोघींना पगार आहे, परवाना आहे, पण दोघींपैकी कुणासमोरही यम्ना दंड पुढं करत नाही.

पण त्या शनिवारचं राहिलंच. सुरैय्या पत्र घेऊन दाराशी पोचली, तर मुग्धा मॅडम मागून म्हणाल्या, अगदी जुन्या आवाजात, “झालं ना आता मनासारखं? मग पाठव ना गो तिला, बघ किती खोळंबलेत सगळे.”

सुरैय्या वळली. “नाही, ताई,” म्हणाली. “ती घरची मुलगी आहे. घरीच आहे. अभ्यास करतेय.”